दहा दिवसांची सभा, वर्षभराचं कुलूप

बेळगाव सोडून महामार्गाने धारवाडकडे निघालं की हलगा-बस्तवाडच्या हद्दीत डोळ्यांत भरणारी पांढरी इमारत दिसते. मधोमध घुमट, पुढे पायऱ्या, भोवती कुंपण आणि १२७ एकरांचा परिसर. ही कर्नाटक सरकारची सुवर्णसौध. ११ ऑक्टोबर २०१२ रोजी तेव्हाचे राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. खर्च चारशे कोटींच्या घरात गेला. वर्षातून एकदा, डिसेंबरच्या सुमारास, विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन इथे भरतं. कामकाजाचे दिवस साधारण दहा. आमदार येतात, भत्ते घेतात, बेंगळूरला परततात, आणि सभागृहांना पुन्हा कुलूप लागतं.

मी वडगावचा आहे. बेळगावच्या या उपनगरातून सुवर्णसौध हाकेच्या अंतरावर आहे, आणि तरीही आमच्या आयुष्यापासून ती बेंगळूरइतकीच लांब आहे. तेव्हा जे म्हणायचं ते आडपडदा न ठेवता म्हणतो. ही इमारत लोकांनी एकत्र यावं म्हणून बांधलेली नाही. जमिनीवर हक्क सांगण्यासाठी रोवलेला तो खुंटा आहे. एवढ्या मोठ्या सभास्थानाची किंमत एकाच मापाने ठरते: ज्यांच्या करातून ते उभं राहिलं त्यांच्यासाठी त्याची दारं वर्षातून किती दिवस उघडी असतात? या मापाने सुवर्णसौध नापास आहे. एका वर्षी नव्हे, उद्घाटनापासून आजवर दरवर्षी.

ती इथे का आली हे विसरून चालणार नाही. २००४ मध्ये महाराष्ट्राने सीमाप्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. २००५ मध्ये बेळगाव महापालिकेने महाराष्ट्रात जाण्याचा ठराव केला. त्या ठरावाची शिक्षा म्हणून आमच्या महापौरांच्या तोंडाला बेंगळुरात काळं फासलं गेलं आणि लोकांनी निवडून दिलेली महापालिका बरखास्त झाली. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २००६ मध्ये, कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन पहिल्यांदा बेळगावात भरलं. तेव्हा स्वतःची इमारत नव्हती, एका खासगी शिक्षणसंस्थेच्या आवारात कामकाज चाललं. २००९ मध्ये सुवर्णसौधची पायाभरणी झाली, तीन वर्षांत ती उभी राहिली. २०१४ मध्ये शहराचं नावही बदललं. हा क्रम एका ओळीत ठेवून वाचा. उत्तर कर्नाटकाच्या विकासाची कळकळ यात मला कुठे दिसत नाही. न्यायालयात दावा चालू असताना वादातल्या जमिनीवर पक्कं बांधकाम करून घ्यायचं, ही गावोगावच्या भाऊबंदकीतली जुनी चाल आहे. ती सरकारने खेळली.

बरं, आपण क्षणभर सरकारचंच म्हणणं धरून चालू. उत्तर कर्नाटकाला न्याय देण्यासाठी, बेंगळूरचं सरकार इथल्या माणसाच्या दारात आणण्यासाठी ही इमारत बांधली, असं मानू. मग २०१९ चं काय? त्या वर्षी ऑगस्टमध्ये कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा या नद्यांनी बेळगाव जिल्ह्याचा मोठा भाग पाण्याखाली घातला. घरं गेली, जनावरं गेली, उभा ऊस कुजला. सरकार दारात हवं असेल तर याहून योग्य वर्ष कुठलं होतं? नेमकं त्याच वर्षी, पूर आलाय म्हणून, अधिवेशन बेंगळुरात घेतलं. २०२० मध्ये कोरोनाचं कारण निघालं. म्हणजे ज्या दोन वर्षांत या मुलखाला सरकारची सर्वांत जास्त गरज होती, त्या दोन्ही वर्षी सुवर्णसौध रिकामी राहिली. संकटात जी दारं उघडत नाहीत त्यांच्या उद्घाटनाच्या कोनशिलेवर कुणाचं नाव आहे याला काडीची किंमत नाही.

आणि अधिवेशन भरतं तेव्हा तरी काय होतं? लोक येतात, यात शंका नाही. ऊस उत्पादक, अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या, अतिथी शिक्षक, विणकर, आरक्षण मागणारे समाज, सगळे येतात. पण ते सुवर्णसौधमध्ये येत नाहीत. त्यांच्यासाठी कोंडसकोपजवळ आणि सुवर्ण गार्डनमध्ये शामियाने ठोकलेले असतात. तिथे त्यांनी दिवसभर बसायचं, घोषणा द्यायच्या आणि एखादा मंत्री गाडीतून उतरून निवेदन घेईल याची वाट पाहायची. आत ज्यांच्या नावाने भाषणं चालतात ते बाहेर धुळीत बसलेले असतात. २०१३ च्या अधिवेशनात ऊसदरासाठी आलेल्या एका शेतकऱ्याने आंदोलनाच्या ठिकाणीच विष घेतलं आणि तो गेला. १० डिसेंबर २०२४ रोजी पंचमसाली समाजाचे आंदोलक सुवर्णसौधच्या दिशेने निघाले तर त्यांच्यावर लाठ्या पडल्या. ते कानडी बोलणारे होते, लिंगायत होते, याच राज्यावर प्रेम करणारे होते. लाठीला भाषा नसते. म्हणून मी पहिल्यापासून सांगतो आहे की हा निव्वळ मराठी-कानडीचा वाद नाही. ज्यांना कुंपणाच्या आत जागा आहे आणि ज्यांना नाही, त्यांच्यातला हा वाद आहे.

या इमारतीचा खरा स्वभाव २०२२ च्या उन्हाळ्यात उघडा पडला. तिथे रोजंदारीवर साफसफाई करणाऱ्या एका बाईने प्रवेशद्वारासमोरच्या फरसबंदीवर कापड पसरून शेवया आणि पापड वाळत घातले. आमच्याकडे पाऊस तोंडावर आला की घरोघरी हीच धांदल असते: शेवया, पापड, कुरडया, सांडगे, जिथे कडक ऊन आणि स्वच्छ जागा मिळेल तिथे. त्या बाईला दोन्ही गोष्टी कामाच्या जागी मिळाल्या. वर्षातले साडेअकरा महिने ओस पडलेल्या त्या अंगणाचा कुणा सामान्य माणसाने इतका सरळ, इतका उपयोगी वापर त्याआधी केला नव्हता. कुणीतरी फोटो काढला, तो सगळीकडे फिरला आणि अधिकाऱ्यांना इमारतीची अप्रतिष्ठा झाल्याचा साक्षात्कार झाला. बाईला कामावरून काढलं. लोकांनी आरडाओरडा केला तेव्हा पुन्हा घेतलं.

मला त्या अधिकाऱ्यांना विचारायचं आहे. दहा दिवसांच्या अधिवेशनात आमदारांनी सभात्याग केला, कामकाज बंद पाडलं, तेव्हा अप्रतिष्ठा झाली नाही का? उत्तर कर्नाटकाच्या प्रश्नांवरची चर्चा शेवटच्या दिवसांवर ढकलली आणि तेव्हा बाकं रिकामी होती, तेव्हा नाही का झाली? एका कष्टकरी बाईने घरच्या वर्षभराच्या बेगमीसाठी चार हात जागा वापरली आणि तुमची प्रतिष्ठा धोक्यात आली! अशी प्रतिष्ठा मुळातूनच तपासून पाहायला हवी.

आता या मुलखाने आजवर सभा कशा भरवल्या तेही सांगतो, कारण एवढी दगडमातीची इमारत नसेल तर मोठं काही घडत नाही असा समज पसरवला जातो. १९२४ च्या डिसेंबरात बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन झालं. महात्मा गांधी ज्याचे अध्यक्ष होते असं काँग्रेसचं ते एकमेव अधिवेशन. गंगाधरराव देशपांडे यांनी सगळी व्यवस्था अंगावर घेतली. टिळकवाडीच्या मोकळ्या जागेत तंबूंचं गाव उभं राहिलं, त्याला विजयनगर नाव दिलं. देशभरातून येणाऱ्यांना पाणी पुरावं म्हणून विहीर खोदली, तिला ४,३७० रुपये ३ आणे खर्च आला. आण्यापर्यंतचा हिशोब आज शंभर वर्षांनीही आम्हाला माहीत आहे, कारण तो लोकांना द्यायचा असतो हे त्या माणसांना कळत होतं. पुढे आमच्या संगीताचं भूषण ठरलेल्या गंगुबाई हनगल लहान मुलगी असताना त्याच अधिवेशनात गायल्या. सभा संपली, तंबू निघाले. विहीर राहिली. काँग्रेस विहीर म्हणून टिळकवाडीत ती आजही पाहायला मिळते, आणि जवळचा रस्ता काँग्रेस रोड म्हणून ओळखला जातो.

त्याच वेळी, त्याच बेळगावात, कर्नाटक एकीकरण परिषदही भरली. विखुरलेला कानडी मुलूख एक व्हावा ही मागणी तिथे मांडली गेली. बावीस वर्षांनी, मे १९४६ मध्ये, ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली याच शहरात मराठी साहित्य संमेलन झालं आणि तिथून संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीने जोर धरला. दोन भाषिक राज्यांची स्वप्नं एकाच गावाच्या मांडवांत बोलली गेली. एकमेकांविरुद्ध उभ्या ठाकलेल्या या दोन आकांक्षांना बेळगावने जागा दिली, कारण तेव्हा मांडवाच्या दाराशी भाषा तपासली जात नव्हती. कानडी मित्रांनाही मी हे ठासून सांगतो. तुमचं एकीकरण या गावातल्या मोकळ्या सभेत बोललं गेलं, कुंपणाआडच्या सौधात नव्हे. मग आज आमच्या सभेची भीती का वाटते?

निपाणीचं उदाहरण तर याहून जळजळीत आहे. १९८१ च्या मार्चमध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू पिकवणारे शेतकरी पुणे-बेंगळूर महामार्गावर येऊन बसले. ज्या रस्त्याच्या कडेला आज सुवर्णसौध उभी आहे तोच हा रस्ता. हजारो माणसं, बाया, पोरं. भाकऱ्या गावागावांतून येत होत्या. व्यापारी ठरवील तो भाव घेऊन मान खाली घालणारा शेतकरी तिथे उत्पादनखर्चाची भाषा बोलला. कुणी वळलेली विडी तोंडात धरतो, त्यातल्या तंबाखूमागे कुणाची किती वर्षं जळतात हे महाराष्ट्राला आणि कर्नाटकाला त्या रस्त्याने शिकवलं. ६ एप्रिलला सरकारने ती सभा गोळ्या घालून मोडली. बारा शेतकरी गेले. त्या रस्त्यावर ना ध्वनिवर्धकांनी सजलेलं सभागृह होतं ना वातानुकूलन, पण शेतमालाच्या भावाच्या राजकारणाला वळण लावणारी सभा ती होती. सुवर्णसौधमधल्या इतक्या अधिवेशनांत निपाणीच्या त्या तीन आठवड्यांच्या तोडीचा एक दिवस मला कुणी दाखवावा.

एवढं लांब जायलाही नको. दर हिवाळ्यात आमच्या खेड्यांत मराठी साहित्य संमेलनं भरतात. कडोली, येळ्ळूर, उचगाव, बेळगुंदी, सांबरा, निपाणीकडे कारदगा. पहाटे गावातून ग्रंथदिंडी निघते. पालखीत ग्रंथ, पुढे लेझीम, डोक्यावर कळश घेतलेल्या बायका, भजनी मंडळ. शाळेच्या पटांगणात मांडव असतो. पहिल्या सत्रात अध्यक्षांचं भाषण, मग परिसंवाद, कथाकथन, दुपारी गावजेवण, मग कविसंमेलन. खर्च लोकवर्गणीतून निघतो. कुणी तांदूळ देतो, कुणी डाळ, कुणी मांडवाचं भाडं, कुणी ट्रॅक्टर. ज्याच्याकडे द्यायला काही नाही तो आदल्या रात्री सतरंज्या अंथरतो. इथे मराठीला सरकारदरबारी जागा नाही, फलकावर मराठी अक्षर दिसलं की नोटीस येते, तरीही आमची पोरं व्यासपीठावर उभी राहून चार ओळी धीटपणे वाचतात ती या मांडवांमुळे. अशी संमेलनं आयोजित करणाऱ्या मंडळांना सरकारी सभागृह मिळणं दूर, पोलिसांची परवानगी मिळेतो जीव टांगणीला लागलेला असतो.

सीमाभाग महाराष्ट्रात जावा म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचा महामेळावा हे त्याचं सर्वांत उघड उदाहरण. अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी, इथे सगळं आलबेल नाही हे सांगण्यासाठी आम्ही टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपो मैदानावर जमतो. २०२१ मध्ये तिथे समितीच्या नेत्याच्या तोंडाला शाई फासली. २०२२ मध्ये परवानगी नाकारली. त्यानंतरही तेच. जमावबंदी, मैदानावर बॅरिकेड, पहाटेपासून घराघरांतून धरपकड. पंधरा किलोमीटरच्या आत एकीकडे लोकशाहीचं अधिवेशन आणि दुसरीकडे लोकांच्या सभेला बंदी. न्यायालयात प्रलंबित असलेल्या दाव्याबद्दल शांतपणे बोलण्याचा हक्क ज्यांना मान्य नाही, त्यांनी विधिमंडळाच्या आवारात गांधींचा पुतळा उभारून काय सिद्ध केलं? १९२४ च्या शताब्दीचा सोहळा काँग्रेसने थाटात केला. रस्ते दिव्यांनी उजळले, डिसेंबर २०२४ मध्ये कार्यकारिणीची बैठक झाली, जानेवारीत सुवर्णसौधच्या आवारात गांधींच्या पुतळ्याचं अनावरण झालं. गांधींची आठवण म्हणून एक गोष्ट करायची होती: त्या वर्षी बेळगावात प्रत्येकाला सभा घेऊ द्यायची. पैसा लागला नसता. हिंमत लागली असती.

महाराष्ट्रानेही या गोष्टीवर हात झटकू नयेत. १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला दिलेलं वचन म्हणून दरवर्षी नागपुरात हिवाळी अधिवेशन होतं, आणि तिथेही मोर्चे बॅरिकेडपाशी अडवले जातात, आत वेगळाच विषय गाजत असतो, दोन आठवड्यांत गाशा गुंडाळला जातो. हिमाचलने धर्मशाळेजवळ तपोवनात विधानभवन बांधलं. उत्तराखंडने भराडीसैणला बांधलं आणि २०२० मध्ये गैरसैण उन्हाळी राजधानी म्हणून जाहीर केली. सगळीकडे एकच तऱ्हा. मागास भागाने ओरड केली की त्याला इमारत द्यायची. कारखाना नाही, पाणी नाही, अधिकार नाहीत. इमारत. तिच्यापुढे फोटो काढता येतो, ठेका देता येतो, कोनशिला बसवता येते. म्हणून सत्तेला ती सर्वांत सोयीची. बडा घर पोकळ वासा, हे त्या सगळ्यांना लागू आहे.

वडगावला काय हवं होतं? आमच्याकडे गल्लीगल्लीत यंत्रमाग आहेत. शहापूर, खासबाग, वडगाव हा विणकरांचा पट्टा. एका खोलीत दोन किंवा चार माग, शेजारच्या खोलीत संसार. सकाळी वीज असेल तर खटखट सुरू होते ती रात्रीपर्यंत. घरातली म्हातारी कांड्या भरते, सून साडीचे दोरे कापून घडी घालते, पोरगा शाळेतून आला की बीम बदलायला हात लावतो. मागावर बसणारे बहुतेक कानडी बोलणारे, साडी विकणारे मराठी, गिऱ्हाईक दोन्हीकडचं. सूत महागलं की मागवाला मरतो, वीजबिल वाढलं की मरतो, व्यापाऱ्याने माल उचलला नाही की मरतो. लॉकडाऊनच्या काळात आणि पुढेही इथल्या विणकरांनी जीव दिल्याच्या बातम्या आम्ही शेजारच्या गल्लीतल्या म्हणून वाचल्या. या माणसांना आपली साडी थेट गिऱ्हाइकाला दाखवायला कायमची जागा हवी आहे. बेळगावात अशी जागा नाही. आणि पाच-सहा किलोमीटरवर चारशे कोटींच्या इमारतीत प्रशस्त दालनं वर्षभर बंद आहेत. याला काय म्हणायचं ते वाचणाऱ्याने ठरवावं. मी तर याला गुन्हा म्हणतो.

तीच गत शेतकऱ्यांची. वडगाव, शहापूर, येळ्ळूर, हलगा या शिवारातला भात सगळ्या पंचक्रोशीत नावाजलेला. त्या शिवारातून हलगा-मच्छे बायपास काढायचा म्हणून वर्षानुवर्षं न्यायालयात हेलपाटे चालू आहेत. २०२१ च्या नोव्हेंबरात पोलिस बंदोबस्तात उभ्या पिकात जेसीबी घातले. बायका बांधावर आडव्या झाल्या. बळ्ळारी नाल्याचं पाणी दर पावसाळ्यात शेतात शिरतं, रोपं कुजतात, दुबार लावणीला पैसा नसतो. हलग्यात सांडपाणी शुद्धीकरणाचा प्रकल्प आला तोही पिकत्या जमिनीवर. म्हणजे सौधही इथेच, बायपासही इथेच, शहराचा मैलाही इथेच, आणि निवेदन द्यायला मात्र शामियान्यात बसा. एकाच शिवारावर इतकं ओझं टाकणाऱ्या सरकारने त्या शिवाराच्या मालकाला एकदा तरी त्या पांढऱ्या सभागृहात समोर बसवून ऐकायला हवं होतं. अजून ऐकलेलं नाही.

चोर्ला घाट उतरून पणजीला गेलं की याच्या उलट गोष्ट दिसते, आणि तिच्यातही आपल्यासाठी धडा आहे. कांपालला, मांडवीच्या काठी, चार्ल्स कोरियांनी रचलेली कला अकादमी आहे. रस्त्यावरून आत शिरलं की मोकळ्या पडवीतून थेट नदीपर्यंत चालत जाता येतं. कुणी अडवायचं नाही, कुणी विचारायचं नाही. आत दीनानाथ मंगेशकर कलामंदिर, मागे खुलं नाट्यगृह. नाटकवाले तालमी करतात, पोरं पायऱ्यांवर बसतात, तियात्र पाहायला आलेली मंडळी आणि संगीत नाटकाला आलेली मंडळी एकाच कट्ट्यावर चहा पितात. ही इमारत दुरुस्तीसाठी बंद केली, निविदा न काढता काम दिलं, मंत्र्यांनी त्याच्या समर्थनार्थ विधानसभेत ताजमहालाचा दाखला दिला, आणि जुलै २०२३ मध्ये खुल्या नाट्यगृहाचं छत कोसळलं. पहाट होती म्हणून माणसं वाचली. गोव्याचे कलाकार संतापले. त्यांनी सभा घेतल्या, प्रश्न विचारले, सरकारला सळो की पळो करून सोडलं. ते का चिडले? कारण ती जागा त्यांची होती. तिथे त्यांनी पहिलं नाटक केलं होतं, पहिली मैफल ऐकली होती.

आता मला सांगा, उद्या सुवर्णसौधचं छत गळायला लागलं तर बेळगावात एक माणूस तरी रस्त्यावर येईल का? मराठी येणार नाही हे उघड आहे. कानडी येईल? वडगावचा विणकर येईल? हलग्याचा शेतकरी येईल? कुणी येणार नाही. बांधणाऱ्यांचा याहून मोठा पराभव दुसरा नाही. आणि गोव्याचं राज्यकर्तं मंडळ त्यातून काही शिकलंय असंही नाही. जी जागा लोकांनी आपली मानली ती नीट राखली नाही, आणि दोना पावलाच्या कन्व्हेन्शन सेंटरच्या घोषणा मात्र कित्येक वर्षं होत राहिल्या. नव्या इमारतीची हाव आणि जुन्या जागेची हेळसांड, हा रोग सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखाच आहे.

यावर काय उत्तर मिळेल ते मला पाठ आहे. म्हणतील, काही सरकारी कार्यालयं तिथे हलवली आहेत. हो, हलवली आहेत. शहरात चालत जाता येत होतं त्या कामासाठी आता रिक्षाचे पैसे मोजून महामार्गावर जावं लागतं, आणि सभागृहं तरीही बंदच राहतात. खोल्या भरल्या म्हणजे इमारत लोकांची झाली असं होत नाही. म्हणतील, सुरक्षेचा प्रश्न आहे. अधिवेशनाच्या काळात असेल. एप्रिलमध्ये, ऑगस्टमध्ये, सभागृहात एकही आमदार नसताना कुणाची सुरक्षा? खुर्च्यांची? म्हणतील, विधिमंडळाच्या वास्तूचा मान राखला पाहिजे. मान वापराने वाढतो. पंढरीच्या पायरीला कोट्यवधींचे पाय लागले म्हणून ती झिजली, तिचा मान कमी झाला नाही. शेवटी म्हणतील, तुम्ही मराठी, तुम्हाला ती इमारतच खुपते. होय, ती ज्या हेतूने उभी राहिली तो हेतू मला खुपतो आणि खुपत राहील. दाव्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. पण तोवर या मुलखातल्या माणसाच्या पैशातून उभ्या असलेल्या जागेवर त्या माणसाचा हक्क आहे, तो मी सोडणार नाही. हक्क सांगायला आधी भाषा बदला, अशी अट राज्यघटनेत कुठेही नाही.

तेव्हा मागण्या स्पष्ट मांडतो. अधिवेशनाचे दिवस वगळून सुवर्णसौधची बैठकीची दालनं आणि पुढचं आवार नागरिकांच्या सभा-संमेलनांना नाममात्र भाड्याने खुलं करा. कुणाला कुठल्या तारखेला दिलं आणि कुणाला का नाकारलं याची यादी दारावर लावा, कानडीत आणि मराठीत. वडगाव-शहापूरच्या विणकरांसाठी एक दालन कायमचं द्या, वर्षभर विक्री चालू राहील असं. अधिवेशनाच्या काळात आंदोलकांना कोंडसकोपच्या माळावर पाठवू नका. १२७ एकर आहेत, आतच जागा आखून द्या, पाणी द्या, सावली द्या, आणि संबंधित मंत्र्याने त्याच दिवशी तिथे येऊन उत्तर द्यायचं असा नियम करा. पहिले तीन दिवस केवळ या भागाच्या प्रश्नांना राखून ठेवा. इमारतीच्या देखभालीवर आणि प्रत्येक अधिवेशनावर किती खर्च झाला तो पैन्‌पै जाहीर करा. गंगाधररावांना विहिरीचा हिशोब तीन आण्यांपर्यंत देता आला, तुमच्याकडे तर संगणक आहेत. आणि व्हॅक्सिन डेपोवरची आमची सभा आम्हाला घेऊ द्या. तिथे जे बोललं जाईल ते तुम्हाला आवडणार नाही. न आवडणारं ऐकून घेणं हेच विधिमंडळाचं काम असतं.

यातल्या एकाही मागणीला नवी वीट लागत नाही, नवा कायदा लागत नाही. किल्ली ज्याच्या खिशात आहे त्याने ती काढायची आहे, इतकंच. पुढच्या डिसेंबरात अधिवेशन भरेल तेव्हा इथल्या प्रत्येक आमदाराला, तो कुठल्याही पक्षाचा आणि कुठल्याही भाषेचा असो, वडगावच्या चौकात अडवून हा एकच प्रश्न विचारा: गेल्या अधिवेशनापासून आजपर्यंत ती दारं आमच्यासाठी किती दिवस उघडी होती? उत्तर आकड्यात मागा. आश्वासन दिलं तर घेऊ नका.